झरियाचे 'कच्चे हिरे' घेण्याआधी लिंबू आणा

'झारखंडमधल्या झरियाच्या कोळसा खाणीत लाव्हानं कोळसा भाजून हिरे होतात, झामा दगडातले पांढरे स्फटिक म्हणजे कच्चे हिरे, पिवळे कण म्हणजे सोनं, खाली लाव्हा अजून धगधगतोय, सरकार लपवतंय.' हा फॉरवर्ड आमच्या मामांपर्यंत पोचलाय आणि ते 'सर्टिफाइड तुकडा' मागवायला निघालेत. म्हणून हा खटाटोप.

आधी हिरे. मामा, हिरा बनतो साधारण १५० किलोमीटर खाली, जमिनीवरच्या हवेच्या ४५-५० हजार पट दाबाखाली. झरियात शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कोळशाच्या थरांत घुसला तो फार तर काही किलोमीटर खोलीवर. तिथे उष्णता भरपूर, दाब कुठून आणणार? शिवाय बहुतेक हिरे १०० ते ३०० कोटी वर्षं जुने. झरियाचा कोळसा ३० कोटींच्याही आतला. ज्या झाडांचा कोळसा झाला, ती तेव्हा उगवलीच नव्हती!

मग ते पांढरं काय? सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी हा शिलारस कोळशाच्या थरांत उभ्या (भित्ती) आणि आडव्या (पट्ट) पट्ट्यांनी शिरला आणि थिजून अभ्रकयुक्त पेरिडोटाइट हा खडक झाला. कोळशातले वायू निघून गेले, मागे भोकाभोकांचा, तडकलेला नैसर्गिक कोक उरला. तोच झामा. सिरिल फॉक्सनं १९३० मध्येच भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी हे सगळं नोंदवून ठेवलंय. लपवलंय ते कुणी? कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडनं तो घुसलेला खडकही कुजवला. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह गरम पाण्याबरोबर झाम्याच्या फटींत आलं आणि तिथे कॅल्साइट, अँकेराइट, सिडेराइट ही कार्बोनेट खनिजं साचली. तुमचा 'हिरा' बहुधा कॅल्साइट. खिळ्यानं ओरखडा काढा, निघेल. भुकटीवर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. हिऱ्याला यातलं काही होत नाही.

सोनं म्हणजे पायराइट, लोह आणि गंधकाचं खनिज. बिनचकाकीच्या फरशीवर घासा, काळपट हिरवी रेघ उमटते.

आता खालची धग. झरियाच्या खाणींतली आग १९१६ पासून नोंदलेली आहे. खाणकामानं हवा आत गेली, कोळसा आपोआप तापून पेटला. शिलारस केव्हाच थंड झालाय. उलट त्यानं भाजलेला झामा चटकन पेटतच नाही, पेटायला लागणारे वायूच उरलेले नसतात.

एक मात्र कबूल करायला हवं. शिलारसाच्या धगीनं कोळशाचं ग्रॅफाइट होतं, मेक्सिकोत सोनोरा भागात तशा खाणीही आहेत. पण ग्रॅफाइट पेन्सिलीत घालतात, मामा, अंगठीत नाही. ऑर्डर रद्द करा.