ऑइलचा लाल दिवा म्हणजे ऑइल कमी, हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की गाडीचं इंजिन ऑइल बदलल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला तर ऑइल कमी पडलंय, अजून अर्धा लिटर ओता, प्रेशर वाढेल. असलं काही करू नका बाबांनो. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलच्या प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही, लेव्हल बघायला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, आहे ना. ऑइलबरोबर बदललेला नवा ऑइल फिल्टर रिकामा असतो, तो भरेपर्यंत स्टार्ट केल्यावर दोन-चार सेकंद दिवा राहतो आणि मग जातो, आणि नाहीच गेला तर लगेच इंजिन बंद करायचं, रेस देऊन बघायचं नाही. मग थोडं थांबून सपाट जागेवर काडी पुसून परत घालून बघा, फिल्टरने ऑइल पिल्यामुळे लेव्हल जरा उतरलेली दिसते, तेवढंच टाका, काडीवरच्या मॅक्सच्या खुणेच्या वर नाही. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनमधला फिरणारा दांडा, ते घुसळतो, ताकासारखा फेस येतो, पंप हवा ओढतो आणि प्रेशर उलट पडतं. आणि हो, जुन्या फिल्टरचा रबर कधीकधी इंजिनलाच चिकटून राहतो, त्यावर नवा बसवला की ऑइल भसाभस गळतं, म्हणून गाडीखाली पण एकदा वाकून बघा.