‘पेनड्राइव्ह लॉक झालाय? पाच मिनिटांत उघडा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पेनड्राइव्हवर कॉपी करताना ‘राइट प्रोटेक्टेड’ (लिहायला बंदी) असं आलं तर त्यात व्हायरस शिरलाय. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग साठवलेल्या जागेत, एक आकडा बदला, लॉक निघेल. नाही निघालं तर डिस्कपार्टमध्ये (डिस्क हाताळायचा विंडोजचा कमांडवाला प्रोग्राम) ‘क्लीन’ द्या, डेटाला धक्का लागत नाही. तरीही अडलं तर लो-लेव्हल फॉरमॅट (अख्खी मेमरी नव्याने लिहिणारा) मारा, शंभर टक्के दुरुस्त. आणि एवढं करूनही जमलं नाही तर वॉरंटीत बदला, नाहीतर भंगारात टाका.

नवी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा मेसेज वाचून, त्यातलं सगळं करून मग लोक माझ्याकडे येतात. तोवर बरंच काही हातातून गेलेलं असतं. मला राग येतो तो याच गोष्टीचा. पेनड्राइव्ह काही शेकड्यांत नवा मिळतो. आतलं काम मिळत नाही.

व्हायरसचं आधी बघू. झेरॉक्सच्या दुकानातून येणारा शॉर्टकट व्हायरस आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. पण हे करायला त्याला पेनड्राइव्हवर लिहावं लागतं. जो पेनड्राइव्ह स्वतःच लिहू देत नाही, त्यात व्हायरसलाही काही लिहिता येत नाही. कॉम्प्युटरमधल्या एखाद्या व्हायरसने कॉम्प्युटरची सेटिंग बिघडवली असेल, हे शक्य आहे. मात्र तेव्हा त्या मशीनवर लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह लॉक दिसेल. एकच पेनड्राइव्ह अडत असेल तर अँटिव्हायरस चालवण्यात वेळ घालवू नका.

रजिस्ट्रीचा उपायही याच कारणाने बहुतेकदा फुकट जातो. ‘स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज’ या कप्प्यातलं ‘राइटप्रोटेक्ट’ शून्य करा, असं मेसेज सांगतो. घरच्या साध्या विंडोजमध्ये हा कप्पा मुळात नसतोच. तो नवा तयार करून त्यात शून्य टाकणं आणि तो नसणं, दोन्ही सारखंच. कुणीतरी तिथे 1 टाकून ठेवला असेल तरच फरक पडेल. बँका आणि ऑफिसांत अशी बंदी मुद्दाम घातलेली असते. ती तिथल्या कॉम्प्युटर विभागाने काढायची, आपण नाही. म्हणून पहिली परीक्षा एकच: पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे फाइल जात असेल तर दोष पहिल्या मशीनचा. दोन-तीन मशीनवर तसाच अडला तर दोष पेनड्राइव्हचा.

मॅकवाल्यांचं वेगळं आहे. विंडोजमध्ये एनटीएफएस (फाइली मांडायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यांना हे नेहमी आडवं येतं. तसंच लग्नाचा व्हिडिओ 4 जीबीच्या वर गेला की एफएटी32 या जुन्या पद्धतीचा पेनड्राइव्ह तो घेत नाही, आणि लोक म्हणतात ‘लॉक झालाय’. यात लॉक कसलंच नाही. आतल्या फाइली बाजूला काढून पेनड्राइव्ह एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट केला की दोन्ही अडचणी जातात.

आता ‘क्लीन’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डिझाइन करणारा मुलगा एका संध्याकाळी आला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला (मागावर नक्षी विणवणारं यंत्र) डिझाइन पेनड्राइव्हने जातं, आणि तो पेनड्राइव्ह लॉक झाला होता. त्याने मेसेज समोर ठेवून डिस्कपार्ट उघडलं, ‘सिलेक्ट डिस्क 1’ दिलं आणि मग ‘क्लीन’. मेसेजमध्ये 1 च लिहिलं होतं. त्याच्या मशीनवर डिस्क 1 म्हणजे दुसरी हार्डडिस्क होती, पेनड्राइव्ह होता डिस्क 2. डिस्कपार्ट ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. एका क्षणात हार्डडिस्क रिकामी दिसायला लागली. “मालक, सात वर्षांची डिझाइनं आहेत हो त्यात,” एवढंच तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

‘क्लीन’ने डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, पुसला जातो, मूळ फाइली लगेच जात नाहीत. नशीब, त्याने त्यावर पुन्हा फॉरमॅट किंवा कॉपी काही केलं नव्हतं. दोन दिवस लागले, बहुतेक डिझाइनं परत मिळाली. सगळी नाही मिळाली. ‘क्लीन ऑल’ दिलं असतं तर डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर (कप्प्यावर) शून्य लिहिलं गेलं असतं आणि मला त्याला रिकाम्या हातांनी पाठवावं लागलं असतं. ‘डेटाला धक्का लागत नाही’ असं लिहिणाऱ्याने त्या मुलाचा चेहरा बघायला हवा होता.

डिस्कपार्टचा खरा उपयोग निदानाला आहे. ‘लिस्ट डिस्क’ देऊन आकारावरून आपला पेनड्राइव्ह नीट ओळखा, तो सिलेक्ट करा आणि ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ द्या. मग नुसतं ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क’ देऊन बघा. ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’समोर अजूनही ‘येस’ असेल, आणि दुसऱ्या मशीनवरही तसंच दिसत असेल, तर लॉक विंडोजने घातलेलं नाही. ते पेनड्राइव्हच्या आतून आलंय.

आतून म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला मी मागाचंच उदाहरण देतो. चांगल्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, खराब कापड विणत बसत नाही. पेनड्राइव्हमधली कंट्रोलर चिप तसंच करते. फ्लॅश मेमरीत जुन्यावर थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक (मेमरीचा एक भाग) पुसावा लागतो आणि दर पुसण्यागणिक तो थोडा झिजतो. खराब ब्लॉकच्या जागी वापरायला काही ब्लॉक राखीव असतात. ते संपले किंवा कंट्रोलरला आत काही गडबड दिसली, की तो लिहिणं बंद करतो आणि वाचणं तेवढं चालू ठेवतो. सॅनडिस्क कंपनीही आपल्या ग्राहकांना हेच सांगते: पेनड्राइव्हला स्वतःत बिघाड जाणवला की डेटा वाचवण्यासाठी तो या अवस्थेत जातो, आणि त्यावर दुरुस्ती नाही.

मग लो-लेव्हल फॉरमॅट कशावर मारायचा? जो लिहूच देत नाही त्यावर फॉरमॅटही लिहिता येत नाही. कंट्रोलरचं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) नव्याने भरणारी सॉफ्टवेअर असतात, पण ती त्या-त्या चिपसाठी वेगळी असतात. त्यात डेटा जातोच, आणि चुकीचं वापरलं तर पेनड्राइव्ह वाचणंही बंद होतं. अशा अवस्थेत करायचं काम एकच, आणि तेही आज: आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करा. हे वाचणं किती दिवस चालेल, हे कुणीच सांगू शकत नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे खटका. काही पेनड्राइव्हना आणि एसडी कार्डांना कडेला छोटा खटका असतो. मोबाइलचं छोटं कार्ड ॲडॉप्टरमध्ये घातलं असेल तर खटका ॲडॉप्टरला असतो. कार्डाचा खटका तुटून पडला तर कार्ड कायम लॉक दिसतं. त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की बहुतेकदा चालतं. सगळ्यात आधी बघायची गोष्ट खरं तर हीच.

राहिलं ‘वॉरंटीत बदला, नाहीतर भंगारात टाका’. लॉक झालेला पेनड्राइव्ह पुसता येत नाही, पण वाचता येतो. आधारची स्कॅन, बँकेचं पासबुक, मुलांचे फोटो, सगळं जसंच्या तसं दुसऱ्याच्या हाती जातं. आत असं काही असेल तर वॉरंटीचे पैसे सोडून द्या. प्लॅस्टिक उघडा, आत पट्टीवर काळ्या चौकोनी चिपा असतात, त्यातली मोठी ती सहसा मेमरी. हातोडीने तिचे तुकडे करा. नुसतं पुढचं यूएसबीचं तोंड वाकवून उपयोग नाही, ते मी दहा मिनिटांत नवं जोडून देतो.