मालक न्यायला न आलेल्या कुत्र्याविषयी खुलासा

सांभाळायला ठेवलेला कुत्रा मालकाने सात दिवसांत परत नेला नाही तर तो सांभाळणाऱ्याचा होतो व त्याला शिवाराबाहेर सोडता येते, असा मजकूर लातूर-नांदेडकडील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 मध्ये अशी मुदतच नाही. उलट कलम 3 नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर, मग तो मालक नसला तरी, काळजीची जबाबदारी येते आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडणे कलम 11 खाली गुन्हा ठरते. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपयेच, हे खरे, आणि खेदाचेही. मालकाला लेखी नोटीस देऊन पोहोच जपून ठेवावी.