मूल झालं की एंडोमेट्रिओसिस बरा होतो? खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर परवापासून एक मेसेज फिरतोय: ‘पाळीत फार दुखतंय? सोनोग्राफी नॉर्मल असेल तर काळजी नको. मूल झालं की एंडोमेट्रिओसिस आपोआप बरा होतो.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यांजवळ वाढतो. तो साध्या सोनोग्राफीत दरवेळी दिसतोच असं नाही. माझी नॉर्मलच होती, आणि दर महिन्याला मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून रामबागेतल्या घरी फरशीवर पडून असायचे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये निदान झालं, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती! गरोदरपणात काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो, इतकंच. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे की केवळ उपचार म्हणून गरोदर राहायला सांगू नये.

कधी, किती दुखतं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळीही दुखतं का, हे वहीत लिहून या आजाराचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एकीने ‘सहन कर’ म्हटलं तर दुसरीकडे जा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. ज्या ताईंकडून तो आला त्यांनी काळजीपोटीच पाठवला होता, त्यांना कोणी बोलू नये.