'दोन रकान्यांचं टेबल आणि एक रीडायरेक्ट': झालं शॉर्टनर?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: 'लिंक शॉर्टनर म्हणजे दोन रकान्यांचं टेबल आणि एक रीडायरेक्ट. एका दुपारचं काम. ३०१ लावा. कोड रँडम ठेवा, लिंक खासगी राहते. छोटी लिंक उलगडून दाखवणारं टूल तर त्याहून सोपं. एकदा होस्ट केलं की बघायला नको.'

शॉर्टनर लांबलचक पत्त्याऐवजी छोटी लिंक देतं. टेबलाच्या एका रकान्यात छोटा कोड, दुसऱ्यात खरा पत्ता; छोटी लिंक उघडणाऱ्याला खऱ्या पत्त्यावर पाठवणं म्हणजे रीडायरेक्ट, आणि ३०१ हा त्याचा एक प्रकार. दुपारचं काम, हे कबूल. मीही एका दुपारीच केलं होतं. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली.

आधी ते '३०१ लावा'. ३०१ म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला', आणि ब्राउझर ते शब्दशः घेतो. उत्तर कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला न विचारताच थेट तिथे जातो. मला हे मावसबहिणीच्या साखरपुड्यात कळलं. पत्रिकेवर क्यूआर, त्यामागे माझी छोटी लिंक, तिच्यामागे कार्यालयाचा नकाशा. आठ दिवस आधी कार्यालय बदललं. मी टेबलातली ओळ बदलली, इन्कॉग्निटोत (तिथे जुनी कॅश नसते) उघडून पाहिली, बरोबर दिसली, निर्धास्त झालो. ज्यांनी पत्रिका हातात पडताच क्यूआर स्कॅन केला होता, त्यांच्या चार-पाच गाड्या जुन्या कार्यालयाच्या दारात जाऊन उभ्या. मावशीचा फोन: 'अरे, पाहुणे कुठे पाठवलेस तू?' पत्ता पुढे बदलू शकत असेल तर ३०२ किंवा ३०७ द्या, म्हणजे 'सध्यापुरतं तिकडे जा'. क्लिक मोजायचे असतील तरी तेच, कारण कॅशमधून परस्पर गेलेला माणूस मोजणीत येतच नाही.

'कोड रँडम, म्हणजे लिंक खासगी.' इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक धरून चिन्हं ६२. पाच अक्षरी कोडाच्या जोड्या ९१ कोटी ६१ लाख, सहा अक्षरीच्या सुमारे ५,६८० कोटी. आकडा ऐकून आपण दबतो, पण यंत्राला यातला मोठा नमुना चाळणं अवघड नाही. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच करून दाखवलं. मायक्रोसॉफ्टची फाइल-साठवण सेवा वनड्राइव्ह आणि गुगल मॅप्स यांच्या छोट्या लिंका चाळून त्यांना लोकांच्या फाइली मिळाल्या, काही फोल्डरांत तर परक्यालाही लिहिता येत होतं. घरापासून दवाखान्यापर्यंतचे रस्ते सापडले ते वेगळेच. मग गुगल मॅप्सने कोड ११-१२ अक्षरी केला. तुम्हीही लांब कोड ठेवा, पण ज्या कागदाला कुलूप हवं त्याला लॉगिनच लावा.

'उलगडणारं टूल त्याहून सोपं', हे वाक्य तर मला भीतीदायक वाटतं. इथे अनोळखी माणूस पत्ता देतो आणि तुमचा सर्व्हर तिकडे जातो. त्याने १२७.०.०.१, म्हणजे तुमच्या सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता, दिला तर? किंवा १६९.२५४.१६९.२५४? अनेक क्लाउड सेवांमध्ये हा मशीनला स्वतःची माहिती देणारा आतला पत्ता असतो, आणि तिथून आतल्या सेवा उघडणाऱ्या तात्पुरत्या किल्ल्याही मिळू शकतात. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेतून दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, त्यातही सर्व्हरला फसवून आतल्या पत्त्यावर पाठवण्याची हीच युक्ती होती. पहिला पत्ता तपासून भागत नाही. एका रीडायरेक्टवरून दुसऱ्यावर जाताना दर उडीला, नावामागचा खरा आयपी (आकड्यांतला पत्ता) काढून तो तपासावा लागतो. उड्यांना मर्यादा हवी (क्रोमसुद्धा विसाच्या पुढे हात टेकतो). जावास्क्रिप्टने केलेली उडी साध्या रिक्वेस्टला दिसत नाही, तेव्हा 'हाच शेवटचा पत्ता' असं छातीठोकपणे लिहू नका. आणि कुणी एकदाच चालणारी लिंक उलगडायला टाकली, तर तुमचं टूलच ती वापरून मोकळं होतं.

आता दोन रकाने. शॉर्टनरची गरज मराठीला जरा जास्तच. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणा आणि इंग्रजी अक्षर-अंकांत लिहिलं जातं, त्यामुळे 'मराठी' हा शब्द ४५ चिन्हांचा होतो, 'महाराष्ट्र' ९० चा. म्हणून कुणाला देवनागरी कोड हवा असतो, समजा 'पायऱ्या'. त्यातला 'ऱ' संगणकात एकच चिन्ह असू शकतो, किंवा 'र' अधिक नुक्ता (खालचा ठिपका) अशी दोन. डोळ्यांना एकच, टेबलाला दोन वेगळे शब्द, आणि समोरच्याला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. साठवतानाही आणि शोधतानाही यूनिकोडचं एनएफसी रूप करून घ्या, म्हणजे दोन्हींचं एकच ठरलेलं रूप होतं.

'बघायला नको'? गुगलने स्वतःचं शॉर्टनर २००९ मध्ये सुरू केलं आणि २०१९ मध्ये नव्या लिंका बंद केल्या. २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत, असं २०२४ मध्ये जाहीर केलं, आणि ऐनवेळी, वापरात असलेल्या तेवढ्या राहतील, असं म्हणून माघार घेतली. एवढ्या मोठ्या घरची ही तऱ्हा.

माझ्या डोमेनचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. भरावं की सोडावं ठरवायला परवा टेबल उघडलं. २१४ ओळी. लॉगमध्ये अजून क्लिक येताना दिसतात, पण निम्म्या लिंका कुणी, कधी, कशासाठी करून घेतल्या ते सांगता येत नाही. रकाने दोनच होते ना.