‘गेम खेळायचेत? मग हलका लॅपटॉप विसरा’ – का म्हणून विसरायचा?

लॅपटॉप घ्यायचाय असं म्हणायचा अवकाश, कुणीतरी एक यादी पाठवतंच. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच: “हलका लॅपटॉप फक्त मेल आणि एक्सेलसाठी. थोडंसं जरी गेमिंग करायचं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजेच. प्रोसेसर आय७ किंवा रायझन ७, त्याच्या खाली बघूही नका. रॅम ८ जीबी पुरते. पातळ मशीन तापून मरतं. आणि दोन-अडीच किलो म्हणजे काही फार वजन नाही.” पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण यातली काही विधानं कधीकाळी बरोबर होती, काही तेव्हाही नव्हती. आणि हलक्या लॅपटॉपवरचं गेमिंग ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त अवलंबून असतं, तिच्याबाबतीत यादी चक्क उलटा सल्ला देते.

आधी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारी वेगळी चिप. “पाहिजेच”, पण कुठल्या गेमसाठी? हे यादीत विचारलेलंच नाही. व्हॅलोरंटच्या किमान गरजांमध्ये इंटेल एचडी ४००० लिहिलेलं आहे, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. माइनक्राफ्ट, डोटा २, रॉकेट लीग, स्टारड्यू व्हॅली, हेडीस हे सगळे आजच्या बऱ्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर व्यवस्थित चालतात. ‘कधीमधी खेळतो’ म्हणणाऱ्यांचे गेम बहुतेक याच जातीचे असतात.

प्रोसेसरमधलं ग्राफिक्स म्हणजे नुसता व्हिडिओ बघण्यापुरतं, ही समजूत २०२२ मध्ये एएमडीच्या रेडिऑन ६८०एमने मोडीत काढली. पुढच्या वर्षी ७८०एम आलं, आणि २०२३ च्या शेवटी इंटेलनेही कोअर अल्ट्रामध्ये आर्क ग्राफिक्स बसवलं. पुरावाच हवा असेल तर व्हॉल्व्हचं स्टीम डेक, हे हातात धरून खेळायचं यंत्र बघा. पहिल्या मॉडेलचं वजन ६६९ ग्रॅम, वेगळं कार्ड नाही, चिप खाते जास्तीत जास्त १५ वॉट. तरीही सायबरपंक २०७७ सारख्या अवजड गेममध्ये त्याच्यासाठी खास तयार सेटिंग दिलेली आहे. स्क्रीन १२८० बाय ८०० ची आहे आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, काही ६० मिळत नाहीत, हे मान्य. पण “चालतच नाही” आणि “कमी सेटिंगवर चालतो” यात बराच फरक आहे. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या हुबेहूब दाखवणारं तंत्र) लावून, सगळं ‘अल्ट्रा’वर ठेवून नवे मोठे गेम खेळायचे असतील तर कार्ड घ्याच. मात्र त्याला लाइट गेमिंग कुणी म्हणत नाही.

आता यादीतली सर्वांत महागात पडणारी ओळ: “रॅम ८ जीबी पुरते.” ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनमध्ये कार्डाची स्वतःची मेमरी असते, म्हणून तिथे एक वेळ निभावेल. हलक्या लॅपटॉपमध्ये तशी वेगळी मेमरी नसतेच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच खिडकीवर रांगेत उभे असतात. विंडोज आणि ब्राउझरचे दहा टॅब आपला वाटा घेणार, ग्राफिक्स आपला मागणार, आणि ८ जीबीत गेमची ओढाताण होणार.

बरं, प्रश्न फक्त किती जीबी एवढाच नाही. डीडीआर४-३२०० ची एकच रॅमपट्टी असेल तर मेमरीचा वेग सेकंदाला २५.६ जीबी. त्याच दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. आणि पातळ लॅपटॉपांत दिसणारी एलपीडीडीआर५-६४०० असेल तर १०२.४. प्रोसेसर तोच असला तरी गेममधल्या फ्रेम यावरून बदलतात, कारण ग्राफिक्सचा बराचसा वेळ मेमरीची वाट बघण्यात जातो. इंटेलच्या प्रोसेसरमधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स तर याची जाहीर कबुलीच देतं. मेमरी दोन चॅनलमध्ये (दोन पट्ट्यांसारखी दोन वाटांनी जोडलेली) नसेल तर तेच ग्राफिक्स डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ या नावाने दिसतं. बॉक्सवर एक नाव, आत दुसरं. आणि फसवणूक कुणाचीच नाही, नियमच तसा आहे.

हातात लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ वाचा. ‘१ ऑफ २’ असेल तर आनंद आहे, तशीच दुसरी पट्टी आणून बसवा; पैशाच्या मानाने याहून मोठा फरक पाडणारं दुसरं काही मला माहीत नाही. पण बहुतेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे “८ घ्या, पुढे वाढवू” हे बोलणंच फोल. पहिल्या दिवशीच १६ घ्यायची.

“आय७ च्या खाली बघू नका.” बघा की. इंटेलच्या बाराव्या पिढीतला आय७-१२५५यू घ्या: मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दोन, मूळ क्षमता १५ वॉटची. त्याच पिढीतल्या आय५-१२४०पी मध्ये मोठे कोअर चार आणि क्षमता २८ वॉट. स्टिकर बघून निवडलंत तर फसलात. एएमडीची नावं तर याहून चक्रावणारी. रायझन ५ ७५२०यू मधला ७ वाचून नवाकोरा प्रोसेसर वाटतो, पण २०२३ च्या मांडणीत खरी पिढी सांगतो तो तिसरा आकडा. इथे तो २ आहे, म्हणजे २०१९ ची झेन २ ही रचना, सोबत अगदी लहानसं रेडिऑन ६१०एम. रायझन ७ ७७३०यू आणि ७७३५यू मध्ये फरक एका शेवटच्या आकड्याचा. पहिल्यात जुनं वेगा ग्राफिक्स, दुसऱ्यात ६८०एम. वर स्टिकर दोन्हींना ‘रायझन ७’. २०२४ मध्ये रायझन एआय ३०० आले आणि ही नावंही बदलली, त्यामुळे पाठ करण्यात अर्थ नाही. पूर्ण मॉडेल नंबर मागायचा आणि त्यात ग्राफिक्स कुठलं हे बघायचं.

पातळ मशीन तापतं, हे खरं. मरत मात्र नाही. ठरावीक तापमानाला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. म्हणून पहिली काही मिनिटं गेम मस्त पळतो आणि मग फ्रेम गळायला लागतात. परीक्षण वाचताना सुरुवातीचे आकडे सोडा, अर्ध्या तासानंतर किती वॉट टिकतात ते शोधा. घरच्या घरी उपाय म्हणाल तर गेमच्याच सेटिंगमध्ये फ्रेमवर ६० ची मर्यादा घाला. पंख्याचा आवाज उतरतो आणि वेगही टिकतो. गादीवर ठेवून खेळू नका, हे सांगायला नकोच. (मॅकबुक एअरला पंखाच नाही आणि एरवी ते सुरेख मशीन आहे. पण व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मॅकसाठी नाहीतच, तेव्हा आपले गेम आधी बघून घ्या.)

काही जण हल्ली यादीत ‘२.८के ओएलईडी’ची भर घालतात. दिसायला छानच. फक्त २८८० बाय १८०० म्हणजे १९२० बाय १२०० च्या सव्वादोन पट पिक्सेल. त्यामुळे गेममध्ये रिझोल्यूशन खाली उतरवावंच लागतं.

वजनाबद्दल एवढंच, की दोन-अडीच किलोंत चार्जरची वीट धरलेली नसते. ती वेगळी उचलायची, आणि घरी ठेवून गेलात तर बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोराने चालत नाही. हलक्या लॅपटॉपला बहुधा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर पुरतो, बऱ्याचदा फोनसाठीही तोच.

हे सगळं ऐकूनही “कार्ड असलेलं बरं” म्हणून एखादा पातळ गेमिंग लॅपटॉप घेणार असाल, तर नुसतं ‘आरटीएक्स ४०५०’ वाचून थांबू नका. लॅपटॉपमधलं हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही बसवता येतं आणि नाव तेच राहतं. तो आकडा उत्पादकाच्या तपशीलात ‘टीजीपी’ (कार्डाला मिळणारी एकूण वीज) या नावाखाली शोधा. तो छापलेलाच नसेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या.