साडेपाच फुटी हौद्यातला मुक्काम

पिकअपच्या हौद्यावर उभारायचा तंबू ज्याने शोधून काढला, त्याला एक तर सासरे नसावेत किंवा त्याच्या गाडीचा हौदा आठ फुटी असावा. अमेरिकेत पिकअपचा हौदा साधारण साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट अशा मापांत मिळतो, आणि ज्याला मागच्या आसनावर घरची माणसेही बसवायची असतात, त्याच्या वाट्याला बहुधा साडेपाच फूटच येतात. तंबूच्या खोक्यावर मात्र एक हसतमुख जोडपे पाय लांब करून चांदणे पाहत पहुडलेले असते. त्यांचे गुडघ्यापासून पुढचे पाय हौद्यात नसून खाली पाडलेल्या फाळक्यावर आहेत, हे चित्रात दिसत नाही. दोन्ही बाजूंनी आत घुसलेले चाकांवरचे उंचवटेही चित्रात नसतात. त्या उंचवट्यांच्या मधली रुंदी चार फुटांच्या थोडीच वर भरते, म्हणजे प्लायवूडचा एक ताव सपाट बसावा एवढी. प्लायवूड रात्री कुशीवर वळत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

जूनच्या सुरुवातीला माझे सासू-सासरे कोल्हापूरहून डेन्व्हरला आमच्याकडे राहायला आलेले असताना ‘ग्रेट सँड ड्यून्स’ या वाळूच्या टेकड्यांच्या उद्यानात मुक्कामी जाण्याचा बेत ठरला. घराबाहेर उभी असलेली आमची पिकअप सासऱ्यांनी आल्या दिवशीच चारी बाजूंनी फिरून पाहिली होती आणि, “आमच्याकडे असल्या गाडीतून बाजाराला शेळ्या नेतात,” एवढाच अभिप्राय दिला होता. झोपण्याची वाटणी बायकोने परस्पर करून टाकली. सासूबाईंना खाटेशिवाय जमत नाही, म्हणून त्या आणि ती जमिनीवरच्या ऐसपैस तंबूत, आणि बाबा व मी वर हौद्यात. “बाबांना उंचावर बरं वाटतं,” असे ती म्हणाली. मला कुठे बरे वाटते, याची चौकशी झाली नाही.

डेन्व्हरहून दक्षिणेला निघून वॉलसेनबर्गपाशी पश्चिमेकडे वळले आणि ला व्हेटा खिंड ओलांडली की सान लुईसचे विस्तीर्ण पठार लागते, आणि त्याच्या पूर्व कडेला, बर्फाचे पट्टे मिरवणाऱ्या सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांगेच्या पायथ्याशी, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या उभ्या असतात. त्यांतली उंचातली उंच टेकडी सुमारे साडेसातशे फुटांची आहे. एवढी उंची येण्याचे कारण वारा हेच आहे. नैऋत्येचा रोजचा वारा वाळू पर्वताकडे लोटत आणतो, खिंडींमधून येणारा वादळी वारा तीच वाळू उलट ढकलतो, आणि या ओढाताणीत वाळू कुठेही न जाता वरवर चढत राहते. २००४ साली या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ज्या वाऱ्यांनी डोंगराएवढी वाळू उचलून ठेवली, त्यांच्यासमोर चार फायबरग्लासच्या काड्या आणि नायलॉनचे कापड घेऊन उभे राहणे हे माझ्या वाट्याचे काम होते.

काड्यांना रंग दिलेले असतात आणि ज्या रंगाची काडी त्याच रंगाच्या नेफ्यात ती घालायची असते, इथपर्यंत सगळे सोपे आहे. त्यानंतर तंबूचे पट्टे गाडीच्या अंगाखाली नेऊन पत्र्याच्या कडेला अडकवावे लागतात. मी गाडीखाली पाठीवर पडून पट्टा ओढत असताना वारा वरचे कापड ओढत होता आणि सासरे हौद्यात उभे राहून दोघांनाही सूचना देत होते. अखेर त्यांनी खिशातून नायलॉनची पांढरी दोरी काढली. विमानातल्या बॅगेला बांधून आणलेली ती दोरी त्यांनी डेन्व्हरला उतरल्यावर फेकू दिली नव्हती. “कंपनीच्या पट्ट्यावर काय भरवसा ठेवता, जावईबापू? सरका,” असे म्हणून त्यांनी उसाच्या ट्रॉलीला मारतात तशा गाठी तंबूच्या चारही कोपऱ्यांना मारल्या. खरे सांगायचे तर त्यानंतर तंबू जागचा हलला नाही.

संध्याकाळी बायकोने वरणभाताचा कुकर लावला. मुक्कामाच्या जागेची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८,२०० फूट असल्यामुळे तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते आणि साध्या पातेल्यात तूरडाळ रात्रभर आपली नजर चुकवत राहते, म्हणून कुकरला पर्याय नव्हता. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या जागेवरच्या आजीबाई हातातला कप घेऊन उठून उभ्या राहिल्या. दुसरीला त्यांचा कुत्रा गाडीखाली गेला. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहून हाताचा पंजा दाखवला. तो त्यांनी अभिवादन म्हणून घेतला असावा, पण सासूबाईंना पाच शिट्ट्या व्हायच्या आहेत एवढेच सांगायचे होते.

या भागात काळी अस्वले आहेत, त्यामुळे प्रत्येक जागेवर एक भक्कम लोखंडी पेटी दिलेली असते, आणि ज्याला वास येतो ते काहीही तंबूत ठेवायचे नाही असा नियम आहे. खाण्याचे पदार्थ पेटीत गेले, टूथपेस्ट गेली, साबण गेला. सासऱ्यांच्या बंडीतून सुपारीची डबी निघाली, तीही गेली. अमृतांजनाच्या बाटलीपाशी मात्र ते अडले. त्यांचे म्हणणे असे की, कपाळाला लावलेले अमृतांजन पेटीत ठेवता येत नाही, त्यामुळे अस्वलाला यायचेच असेल तर ते बाटलीसाठी थांबणार नाही. मला याचे उत्तर सुचले नाही. बाटली पेटीत गेली आणि वास आमच्याबरोबर वर चढला.

रात्र पडल्यावर हौद्याने आपले खरे स्वरूप दाखवले. खाली पन्हळी पत्रा, त्यावर हवेची गादी आणि गादीवर आम्ही दोघे. जमीन निदान दिवसाची ऊब थोडी धरून ठेवते, पण चाकांवर उभ्या असलेल्या पत्र्याला वरून, खालून आणि बाजूंनी वाराच लागतो, आणि तो गारठा गादीतल्या हवेत उतरतो. गार हवा आकसली की गादी सैल पडते. सैल गादीवर दोन माणसे झोपली की जड माणूस मध्यभागी खोलात जातो आणि हलका त्याच्याकडे घरंगळतो. हलका मी होतो. एरवी ज्यांच्यासमोर मी पाय पसरून बसत नाही, त्यांच्या खांद्यावर माझे डोके जाऊन टेकत होते आणि दर वेळी मी “माफ करा, बाबा” म्हणत चाकाच्या उंचवट्याकडे परत सरकत होतो.

सासऱ्यांना रात्री उठावे लागते. त्यासाठी आधी मी उठून बॅटरी शोधायची, चेन उघडायची, फाळक्याच्या कडेवर बसून तिथून अंधारात जमिनीवर उडी घ्यायची आणि मग त्यांना हात द्यायचा. ते उतरले की गाडीच्या स्प्रिंगा वर येत, ते चढले की खाली बसत, आणि तंबूच्या काड्या दोन्ही वेळा कुरकुरत. अशाच एका फेरीत त्यांचा चष्मा फाळका आणि हौदा यांच्यामधल्या फटीत गेला. तो काढण्यासाठी फाळका वर उचलणे भाग होते, आणि फाळक्यावर आमच्या घराचा एक तृतीयांश भाग पसरलेला होता. चष्मा सकाळपर्यंत तिथेच राहिला.

पहाटे त्यांनी मला हलवून, “पाऊस आला,” असे सांगितले. बाहेर आभाळ निरभ्र होते. दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचे पाणी होते आणि तेच खाली ठिबकते, असे मी त्यांना समजावले. त्यांनी कपाळावरचा थेंब पुसला आणि म्हणाले, “एवढा श्वास मी घेतलेला नाही.”

उजाडल्यावर कळले की चहाला दूध नाही. मोठी दुकाने अलामोसा गावाला, म्हणजे तीस-पस्तीस मैलांवर. इथे या तंबूचा खरा पेच आहे, आणि तो खोक्यावर तर नसतोच, माहितीपत्रकातही चटकन सापडत नाही. तीनशेच्या आसपास अश्वशक्तीची, बोट ओढून नेणारी गाडी एकदा त्याच्याखाली सापडली की तिला कोपऱ्यावरसुद्धा जाता येत नाही. दूध आणायचे तर आधी गाद्या काढा, काड्या काढा, घर मोडा आणि परत येऊन पुन्हा बांधा. सासऱ्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे गाडीला तंबू लावलाय, का तंबूला गाडी?”

तरीही मी पट्टे सोडवले, कारण सासूबाईंचा सकाळचा चहा हा आमच्या घरात चर्चेचा विषय नसतो. राहिल्या त्या चार गाठी. दंवाने भिजून आणि रात्रभर वाऱ्याने ओढून त्या अशा बसल्या होत्या की नखे, चमचा, स्क्रू ड्रायव्हर, कशालाच त्या दाद देईनात. मी चाकू आणला तेव्हा, “चांगली दोरी आहे, कापायची नाही,” असे हौद्यातून सांगण्यात आले. थोड्या वेळाने सासूबाई कोणाला काही न बोलता रिकामे पातेले घेऊन शेजारच्या आजीबाईंकडे गेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि आजीबाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण अर्धे पातेले दूध आणि कुत्र्याशी झालेला समेट घेऊन त्या परतल्या. तोवर मी दुसऱ्याच गाठीशी होतो, आणि सासरे चष्म्याविना हौद्यात उभे राहून ती गाठ किती पक्की बसली आहे, हे मला वरून समजावून सांगत होते.